पडद्यामागे गाऊन नसतो

जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांच्या निरोपाच्या गप्पांत प्रश्न ठरलेले असतात. कुकर न्यायचा का, थर्मल इथून घ्यायचे की तिथे, व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवलेले ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कधीपासून सुटतात. अशाच एका बैठकीत सगळे उठल्यावर, चपला पायात सरकवता सरकवता एका मुलीने हळूच विचारलं, "ताई, तिथे डॉक्टर कपडे काढायला सांगतात आणि वरून घालायला काहीच देत नाहीत, हे खरं आहे का हो?" तिथे शिकून आलेली ताई हसली. म्हणाली, "होते गं सवय." मुलगी मान हलवून निघून गेली. ताईचं उत्तर खोटं नव्हतं. बहुतेकींना सवय होतेच. पण सवय होईपर्यंतचे दिवस त्या मुलीने एकटीने काढायचे, असाही त्याचा अर्थ होतो, आणि तेच मला अजून टोचतं. कुकरच्या शिट्टीवर अर्धा तास बोलणारे आपण, अंगावरच्या कपड्यांचा विषय निघाला की दोन शब्दांत आवरतं घेतो. लाजेबद्दल विचारायचीसुद्धा लाज वाटते आपल्याला.

तर, खरं आहे. देत नाहीत.

जर्मन दवाखान्यात तपासणीच्या खोलीत शिरल्यावर डॉक्टर "वरचं काढा" किंवा "खालचं काढा" एवढंच म्हणतात आणि कॉम्प्युटरकडे वळून टायपिंग करू लागतात. चादर नाही, गाऊन नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयात मागून उघडा असलेला झगा मिळतो, साध्या तपासणीला मात्र नाही. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे खोलीच्या कोपऱ्यात एक पडदा किंवा कपाटाएवढी जागा असते. तिथे सलवार-जीन्स जे असेल ते आणि आतलं काढायचं आणि तशाच अवस्थेत तपासणीच्या खुर्चीपर्यंत चालत जायचं. अंतर चार पावलांचं, पण पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीला तेवढी चार पावलं नंतर कित्येक दिवस आठवत राहतात. तिथली समजूत अशी की दार बंद आहे, आत फक्त डॉक्टर आहेत, मग झाकायचं कुणापासून? त्यात कुणाचा अपमान करायचा हेतू नसतो. आपल्या मुलीला मात्र ते आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून तिला तो अपमान वाटू शकतो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्याच कपाटात आहे. गुडघ्यापर्यंतचा, बाजूला चिरा असलेला सैल कुर्ता. खालचं सगळं काढलं तरी कुर्ता अंगावर राहतो, चालताना झाकतो, आणि खुर्चीवर बसल्यावर कमरेपर्यंत सरकवला की काम होतं. जीन्स-टॉप घालून गेलेल्या मुलीची पंचाईत होते, कारण टॉप कमरेशीच संपतो. छातीची तपासणी असेल तर आधीच सांगायचं की दोन भागांत करा, आधी वरची, मग वरचे कपडे घालून खालची. डॉक्टर लगेच मान्य करतात. कित्येक जण आपण होऊनच तसं करतात. ईसीजीला मात्र हाच लांब कुर्ता गोत्यात आणतो. दहा तारा लावतात, त्यांतल्या सहा छातीवर, आणि एकसंध कुर्ता असेल तर सगळाच काढावा लागतो. तिथे पुढून बटणांचा शर्ट आणि सैल पँट हवी. तारा लावून झाल्या की शर्टाच्या बाजू परत ओढून घेता येतात. फिजिओथेरपीला स्पोर्ट्स ब्रा आणि हाफ पँट घालूनच जावं, म्हणजे काढायचं काही उरत नाही. ऑनलाइन वेळ घेताना डॉक्टरांची नावं दिसतात, त्यामुळे बाई हव्या असतील तर बाई निवडाव्यात, आणि डॉक्टर पुरुष असतील तर दवाखान्यातल्या सहाय्यक बाईंना आत थांबायला सांगावं. ही मागणी तिथे कुणाला विचित्र वाटत नाही. सार्वजनिक विम्यात २० ते ३४ या वयात गर्भाशयमुखाची चाचणी वर्षातून एकदा मोफत असते. नुसत्या संकोचापायी ती सोडून देणाऱ्या मुली आहेत, आणि मला सगळ्यांत वाईट वाटतं ते त्याचं. चार पावलांसाठी एवढी किंमत फार होते.

पोहण्याच्या तलावाची गोष्ट वेगळी, कारण तिथे कपडे बदलायची सोय आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी बंदिस्त असते. कपडे बदलायच्या खोक्यासारख्या खोल्यांना दोन दारं असतात. एका दाराने बुटांसकट आत यायचं, दुसऱ्या दाराने अनवाणी बाहेर पडायचं, म्हणजे रस्त्याची घाण तलावाकडे जात नाही. बऱ्याच ठिकाणी आतलं बाकडं खाली पाडलं की दोन्ही दारांना एकदम आडणा बसतो. हे माहीत नसलेली मुलं एक दार हाताने धरून ठेवतात आणि दुसऱ्याकडे पाठ करून कपडे बदलतात! बाकडं पाडा, निर्धास्त व्हा. खरी परीक्षा त्यापुढे, शॉवरपाशी. बायकांचे आणि पुरुषांचे शॉवर वेगळे, पण आत बहुधा आडपडदा नाही, आणि भिंतीवर पाटी की पोहण्याआधी पोहण्याचे कपडे काढून साबणाने स्वच्छ अंघोळ करा. या पाटीमागे कारण आहे. घाम, अंगाला लावलेलं तेल, लघवीचा अंश यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. तलावाचा जो 'क्लोरीनचा वास' म्हणून आपण नाक मुरडतो आणि ज्याने डोळे चुरचुरतात, तो मुख्यतः या क्लोरामाइनचा. घरूनच कॉस्च्यूम घालून आलेली आणि वरूनच पाणी घेतलेली व्यक्ती दिवसभराचा घाम कापडात साठवून पाण्यात उतरते. म्हणजे त्या पाटीचा संबंध पाण्याशी आहे, आपल्या शीलाशी नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी सकाळच्या पहिल्या वेळेत जावं, तेव्हा गर्दी नसते. काही ठिकाणी टोकाला एखादा दार असलेला शॉवर असतो, तो आधी शोधून ठेवावा. अगदीच नाही तर निदान घरी अंघोळ करून यावं आणि कॉस्च्यूम तलावावरच अंगात चढवावा.

अंग झाकणारा पोशाख चालतो का, हे सगळ्याच आया विचारतात. पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा लायक्राचा पोशाख बहुतेक ठिकाणी चालतो. चालत नाही तो सुती टीशर्ट, कारण सूत पाणी पितं आणि धागे सोडतं. आणि चालत नाही ती पोहण्याच्या चड्डीखाली घातलेली रोजची चड्डी. आपले मुलगे नेमके यातच पकडले जातात. कोब्लेंत्स शहराने आपल्या तलावांत बुर्किनीवर, म्हणजे अशाच अंग झाकणाऱ्या पोशाखावर, बंदी घातली होती, ती २०१९ मध्ये तिथल्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने स्थगित केली. दुसऱ्या टोकाला, ग्योटिंगेनने २०२२ च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी बायकांनाही पुरुषांसारखं वर काही न घालता पोहायला परवानगी दिली आणि २०२३ मध्ये बर्लिनच्या तलावांनी एका बाईच्या तक्रारीनंतर तीच मुभा स्पष्ट केली. या बातम्यांवर तिथेही घराघरांत वाद झाले. जर्मनांचं एकमत आहे आणि आपणच तेवढे मागे पडलोय, असं मानून खजील होणाऱ्या मुलामुलींना हे कळायला हवं. 'पाश्चात्त्य देश' असा एक ढीग करण्यातही अर्थ नाही. ऱ्हाइन ओलांडून फ्रान्समध्ये गेलं की सौनात, म्हणजे घाम काढायच्या तापवलेल्या लाकडी खोलीत, कॉस्च्यूम घालून बसतात, आणि फिनलंडमध्ये, जिथून सौना आला, तिथे सार्वजनिक सौनात बायका आणि पुरुष सहसा वेगळे बसतात.

जर्मन सौनात मात्र सगळे एकत्र आणि कुणाच्याच अंगावर काही नाही. विद्यापीठाच्या क्रीडाकेंद्रातही सौना असतो, आणि पहिल्या हिवाळ्यात प्रयोगशाळेतला कुणीतरी सहज म्हणतो, "येतेस का शुक्रवारी?" हे आमंत्रण साधं असतं, चहाला बोलावतात तितकंच. त्यात दुसरा अर्थ शोधू नये, आणि नाही म्हणताना गडबडूनही जाऊ नये. जायचंच असेल तर दोन टॉवेल लागतात: एक अंग पुसायला, आणि दुसरा ८० बाय २०० सेंटीमीटरचा लांबलचक, बाकावर अंथरायला. नियम असा की घामाचा थेंब लाकडाला लागता कामा नये, पावलंसुद्धा टॉवेलवरच. एवढा लांब टॉवेल छातीपासून गुंडाळून घेतला तरी पायाखाली पुरतो, आणि गुंडाळून बसणाऱ्याला सहसा कुणी हटकत नाही. कॉस्च्यूमला मनाई आहे, कारण कृत्रिम कापड घाम अडवून धरतं आणि तलावातून आलेलं असेल तर त्यातलं क्लोरीन गरम हवेत सुटतं. गळ्यातली साखळी, कानातले, मंगळसूत्र बाहेर काढून ठेवावं. ८० ते १०० अंशांत धातू तापतो आणि कातडीला चटका बसतो. चष्माही बाहेरच्या फळीवर ठेवायचा असतो, आणि ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांना पहिल्या दिवशी समोरचं धूसर दिसतं याचा फार आधार वाटतो. आधी अंघोळ, मग अंग कोरडं करून आत. नवख्याने खालच्या बाकावर बसावं, आठ-दहा मिनिटांत उठावं, आणि उठण्याआधी दोन मिनिटं पाय खाली सोडून सरळ बसावं, नाहीतर उभं राहताच घेरी येते. मग बाहेरची थंड हवा, मग पायापासून वर गार पाणी, मग निदान पंधरा मिनिटं विश्रांती. तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओतून टॉवेलने वाफ फिरवतात, त्या आउफगुसच्या मध्ये आत शिरू नये. सहन न झाल्यास बाहेर मात्र कधीही पडावं. बऱ्याच सौनांचा एक वार फक्त बायकांसाठी असतो. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलीने तोच वार धरावा असं मला वाटतं.

आता गंमत बघा, आपला मुलगा इथे जेवढा कासावीस होतो तेवढं व्हायचं कारण काय? कोल्हापूरच्या तालमीत लाल माती अंगाला फासून लंगोटावर शेकडो लोकांसमोर कुस्ती खेळलेली पोरं आहेत आपल्यात. विहिरीवर पंचा नेसून अंघोळ केलेली तर कितीतरी. चंद्रभागेच्या वाळवंटात एकादशीच्या पहाटे लाखांच्या गर्दीत बायका न्हातात, ओल्या लुगड्यावर कोरडं नेसतात, आणि बघणारा आपोआप नजर वळवतो. त्र्यंबकेश्वरला सिंहस्थात नागा साधूंची मिरवणूक बघायला आपण पोराबाळांना घेऊन उभे राहतो. उघडं अंग आपल्याला ठाऊक नाही असं नाही. कुठे चालतं, कुणाचं चालतं, कोणत्या घटकेला चालतं, याचा एक न छापलेला नकाशा आपल्याजवळ आहे आणि तो घाट, तालीम, माजघर यांच्यावर आखलेला आहे. जर्मनांचाही नकाशा आहे, त्यावर सौना, तळं, दवाखाना अशी ठिकाणं आहेत. म्हणूनच शुक्रवारी सौनात विवस्त्र बसलेला माणूस शनिवारी सामायिक स्वयंपाकघरात कुणी उघड्या अंगाने जेवायला बसलं तर नाराज होतो. आपल्या मुलांना हा दुसरा धक्का पहिल्याइतकाच बसतो. सौना बघून आलेला मुलगा आता सगळं चालतं असं समजून उन्हाळ्यात बनियन काढून डाळीला फोडणी देतो, आणि घरातले सगळे गप्प होतात.

घाटावरचं ते कसब तळ्याकाठी फार उपयोगी पडतं. जर्मन लोक जून-जुलैत तळ्याकाठी गवतावरच कपडे बदलतात. बर्लिनच्या टॉयफेल्सझेसारख्या काही तळ्यांवर बरेच जण कपडे घालतच नाहीत. पूर्व जर्मनीत तर ही रीत इतकी रुळलेली होती की १९९० नंतर पश्चिमेकडून आलेल्यांशी बाल्टिकच्या किनाऱ्यांवर त्यावरून खटके उडाले. कपडे बदलायची खोली बऱ्याच तळ्यांवर नसते. तिथे पिशवीतून आपला साधा सुती परकर बाहेर काढावा. डोक्यातून घालून नाडी काखेखाली, छातीच्या वर बांधायची, सुरगाठ मारायची. निरगाठ मारली तर ओली झाल्यावर दातांनीही सुटत नाही. मग आतल्या आत कॉस्च्यूमचे बंद खांद्यावरून उतरवून तो गुंडाळत खाली ओढायचा. आधी अंग टिपून घ्यावं, कारण ओल्या कातडीवर कोरडं आतलं वस्त्र चिकटून पिळा खातं आणि तिथेच सगळा वेळ जातो. आतले कपडे चढले की वरून कुर्ता घालायचा, त्याखालून नाडी ओढायची, परकर खाली पडतो. सॅटिनचा परकर घेऊ नये, निसटतो. वारा असेल तर घेराच्या कडेवर पाय देऊन उभं राहावं. आपल्या आज्यांनी आयुष्यभर नदीवर हेच केलं, आणि त्यांच्या हाताची ती सफाई त्या तळ्याकाठी आठवते तेव्हा ऊर भरून येतो.

राहायच्या घरातले प्रश्न लहान, पण रोजचे. वेगे म्हणजे सामायिक घर. त्यात मुलगे-मुली एकत्र आणि न्हाणीघर एक, हे सर्रास असतं. घर बघायला जातानाच विचारून घ्यावं की न्हाणीघराला कडी आहे का, आणि तिथून खोलीपर्यंत लोक टॉवेलवर येतात का. असं विचारलं म्हणून कुणाला राग येत नाही, उलट विचारायलाच तर बोलावलेलं असतं. फक्त मुलींच्या वेगेही मिळतात, जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं. एक जाड, घोट्यापर्यंतचा बाथरोब घेतला की अर्धी काळजी मिटते. सगळ्यांत अवघड जातं ते वाळत घालणं. आपण आतले कपडे ओढणीखाली किंवा टॉवेलखाली झाकून वाळत घालतो. हाताला ते वळणच लागलेलं असतं. तिथल्या थंडीत, बंद खोलीत, कापडाखाली कापड वाळत नाही. दुसऱ्या दिवशी कुबट वास, आठवड्याभराने भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी, आणि मग घरमालकाचं पत्र. कपडे सुटे पसरायचे, खिडकी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडायची. सगळ्यांसमोर नको असेल तर घडीचा स्टँड आपल्या खोलीत लावावा, पण वरून झाकू नये.

हे सगळं अंगवळणी पडतं तेव्हा मुली एक गोष्ट सांगतात, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा उजळतो: ओढणीकडे, गळ्याकडे, बसण्याच्या ढबीकडे सतत लक्ष ठेवणारा मनातला पहारेकरी एके दिवशी झोपी गेलेला असतो. सौनात ज्या बाईच्या पोटावर सिझेरियनचा वण आहे, जिच्या मांड्यांवर वळ्या आहेत, तीही निवांत पडलेली पाहिली की आपल्या अंगाबद्दलचं वर्षानुवर्षांचं ओझं उतरतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पण त्याच मुली दिवाळीला घरी आल्यावर आईसमोर साडी बदलताना दार लावतात की नाही, यावरून घरात ताण येतो, आणि तेव्हा आईही चूक नसते. काहींना आपलं काहीतरी हरवलं असंही वाटतं, नेमकं काय ते सांगता येत नाही. दोन्ही भावना एकाच मुलीच्या असतात आणि दोन्ही खऱ्या असतात. मोकळेपणाची बाजू घेणाऱ्यांनी दुसरीला मागासलेपण म्हणू नये, एवढं मला पोटतिडकीने वाटतं.

आणि मर्यादा तिथे नाहीत असं समजून जाऊ नये. आपल्याकडे झाकायची जबाबदारी बहुतांशी जिच्याकडे बघितलं जातं तिच्यावर टाकलेली असते. तिथे सौनात, तळ्याकाठी ती बघणाऱ्यावर असते. ट्रेनमध्ये समोरचा जर्मन खुशाल टक लावून बघत बसतो, हेही खरं, त्यामुळे नजरेचं सोवळं सगळीकडे पाळतात असा गैरसमज नको. पण सौनात तेच केलं तर त्याला बाहेर काढतात. फोन आत न्यायला बंदी असते. कुणाचा खाजगी क्षणातला फोटो चोरून काढणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि स्कर्टखालून किंवा कपड्याच्या गळ्यातून फोटो काढण्याविरुद्ध १ जानेवारी २०२१ पासून वेगळं कलम आहे. घरच्यांना तळं दाखवायला म्हणून व्हिडिओ कॉल लावणारी मुलं अजाणता अडचणीत येऊ शकतात, कारण मागे कुणीतरी उघडं पहुडलेलं असतं. कुणी त्रास देत असेल तर सहन करू नये, काउंटरवर किंवा तलावाच्या जीवरक्षकाला सांगावं. ते तक्रार गांभीर्याने घेतात, आणि तू काय घातलं होतंस हा प्रश्न तिथे गैरलागू असतो, कारण कुणीच काही घातलेलं नसतं.

ज्यांना यातलं काहीच करायचं नाही, त्यांनीही बिनघोर जावं. सौना न करता, तळ्यात पाय न बुडवता डिग्री मिळते. आग्रह झाला तर कारणांची यादी द्यायला जाऊ नये. धर्म, संस्कृती, आईवडील असं काही पुढे केलं की समोरचा चर्चेला बसतो आणि आपण बचाव करत राहतो. "इश मोएश्टे दास निश्ट" म्हणजे मला हे नको आहे, एवढं पुरतं. अंगावरचं काही ठेवायचं असेल तर "इश बेहाल्टे दास लीबर आन", हे मी अंगावरच ठेवते. सरळ बघून, उगाच न हसता, साध्या आवाजात. बहुतेक वेळा समोरचा "आलेस क्लार", म्हणजे ठीक आहे, म्हणून पुढच्या विषयाकडे वळतो.